डाव्या कानातलं नाटक

त्या मंगळवारी मी केलेल्या एका क्लिकमुळे आमच्या मालकांना साडेतीनशे कोरी करकरीत पोस्टरं रद्दीत घालावी लागली, आणि ती क्लिक मी मुद्दाम केली होती.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालं नाही. माउस घसरला. गेली बारा वर्षं मी हेच सांगत आलोय आणि आता ते मला इतकं पाठ झालंय की खरंच असणार.

"आवाज दोनदा येते जी," चिचटोल्याचे नाकाडे म्हणाले.

वडसा. दिवाळी होऊन चार दिवस झालेले, सकाळचे अकरा. आमच्या ऑफिसातल्या जाड टीव्हीवर नाटकाची सीडी चालू होती आणि समोर चिचटोल्याच्या मंडळाचे तिघे जण तिसरा चहा पीत होते.

वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं ठाणं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला नाटक लागतंच. मग गावांची मंडळं वडशाला येतात आणि नाटक कंपन्यांच्या ऑफिसांतून, मुलासाठी स्थळं बघावीत तशी नाटकं बघत हिंडतात. चहा पितात, फोटो चाळतात, नटीची उंची विचारतात आणि 'कळवतो' म्हणून शेजारच्या ऑफिसात शिरतात.

आमचं ऑफिस 'नवकिरण नाट्य रंगभूमी'चं. मालक वासुदेवराव गहाणे. मी विपुल दोनाडकर, वय तेवीस, संगणकाचा डिप्लोमा, एक विषय राहिलेला. माझ्याकडे तांत्रिक विभाग होता. विभागात मी एकटाच होतो, त्यामुळे मतभेद कमी.

"तो एको आहे पाटील," मालक म्हणाले. "मोठ्या मंडपात एको राह्यतेच."

"एको मागून येते ना जी," नाकाडे म्हणाले. "आमच्या विहिरीत ओरडून पाहा. आपला आवाज आधी, एको मंग. तुमचा एको आधी येते. बारीक खुसपुस होते, मंग माणूस बोलते."

विहिरीच्या मुद्द्यावर मालक माझ्याकडे वळले. मी टीव्हीच्या मागची वायर हलवली, कारण तांत्रिक विभागाकडून लोकांची तेवढी अपेक्षा असते.

"ही सीडी गावात दाखवाची हाय," नाकाडे उठत म्हणाले. "लोक म्हणतील, कॅसेट अशी, त नाटक कसं. मंगळवारी येतो. साफ करून ठेवा. नाई त समोर बी ऑफिसं हायेत."

आता ही सीडी एवढी महत्त्वाची का, ते सांगतो. झाडीपट्टीत नट सीझनभर रोज नव्या गावात असतात. दोन-दोन, तीन-तीन नाटकं अंगावर. सगळं पाठ राहत नाही. म्हणून विंगेत एक माणूस वही घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य दबक्या आवाजात नटाकडे सरकवतो. तो प्रॉम्टर. त्यात लाजण्यासारखं कोणाला काही वाटत नाही. पण त्या वर्षी मालकांनी ठरवलं की आपण जमान्याच्या पुढे जायचं. नव्या पोस्टरवर नटीच्या फोटोहून मोठ्या अक्षरांत छापलं होतं : 'विना प्रॉम्टर. संपूर्ण पाठांतर.'

कल्पना मूळची आमच्या हिरोची, रुपेशकुमारांची. मागून कोणी सांगणं हा कलावंताचा अपमान आहे, असं ते म्हणाले होते. हे वाक्य त्यांनी कोणी न सांगता म्हटलं होतं, म्हणून मालकांवर जास्त परिणाम झाला.

तशी परीक्षाही झाली होती. दसऱ्याआधी भर दुपारी 'कुंकू नेलं कोर्टात' या नाटकाची रंगीत तालीम ठेवली. लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक जण कॅमेरा घेऊन बोलावला. आणि श्रावणजी लांजेवार, जे एकतीस वर्षं आमचे प्रॉम्टर होते, त्यांना सांगितलं की नेहमीच्या जागी बसा, वही उघडी ठेवा, तोंड बंद ठेवा. कोणी अडकलं तर अडकू द्या. मालक पहिल्या रांगेत कान टवकारून बसले. तीन तासांत विंगेतून चकार शब्द आला नाही आणि नाटक धडाधड पार पडलं. संध्याकाळी पोस्टरं छापायला गेली.

तेव्हा चिचटोल्याच्या सीडीवर श्रावणजींची नोकरी टांगली होती. चिचटोला घेतं ते पाहून आजूबाजूची गावं घेतात. चिचटोल्यानं 'विना प्रॉम्टर' घेतलं की श्रावणजींनी घरी बसायचं, असं ठरलं होतं. कंपनीच्या गाडीत बावीस सीटा. श्रावणजींची खिडकीजवळची सीट सीझनभर मला मिळणार होती.

नाकाडे गेले तेव्हा श्रावणजी दाराशीच होते, नाटकाच्या वह्या परत करायला आलेले. सडपातळ माणूस, पांढरा सदरा. बोलत ते इतके हळू की चहावाला त्यांच्याकडे वाकूनच ऑर्डर घ्यायचा.

"कॅसेट बिघडली काय जी?" त्यांनी विचारलं.

"विपुल करते दुरुस्त," मालक म्हणाले. "मंगळवार झाला की तुमी मोकळे, श्रावणजी. आता आराम करा. नातवाले खेळवा."

"बरं जी," श्रावणजी म्हणाले. त्यांना नातू नव्हता.

मी कामाला लागलो. सीडीतली फाइल ऑफिसच्या संगणकावर घेतली आणि पहिल्या प्लेअरमध्ये लावली. आवाज आला, चित्र नाही. दुसऱ्यात चित्र आलं, पण हिरवं. कोर्ट, न्यायाधीश, नटी, सगळे पालकात शिजवल्यासारखे. इंटरनेटवरून कोडेक उतरवून घेतले. कोडेक म्हणजे बांधून ठेवलेला व्हिडिओ सोडवणारी गोष्ट; प्रत्येकाची गाठ वेगळी, त्यामुळे सोडवणारा वेगळा. मी एकदम चाळीस बसवले. संगणक चालू व्हायला अकरा मिनिटं लागू लागली, पण चित्र आलं आणि रंगही आले. फक्त उलटे. म्हणजे रंग नाही, माणसं. खाली डोकं वर पाय करून रुपेशकुमार न्याय मागत होते आणि खरं सांगायचं तर प्रसंग जरा उठावदार वाटत होता.

शेवटी एका फुकट प्लेअरनं सगळं सरळ दाखवलं. खुसपुस मात्र तशीच. प्रत्येक वाक्याच्या आधी एक पुसटशी पुटपुट, मग वाक्य.

त्या प्लेअरमध्ये एक सोय होती : बटण दाबलं की आवाज चित्राच्या थोडा मागेपुढे सरकायचा. मी तो सरकवून सरकवून पाहिला. पुटपुट ओठांवर बसवली की आवाज सुटायचा, आवाज बसवला की पुटपुट सुटायची. मग मी मोजायला घेतलं. आणि इथे प्रकरण विचित्र झालं. पुटपुट आणि वाक्य यांच्यातलं अंतर प्रत्येक पात्राचं वेगळं होतं. नायिकेचं अर्धा सेकंद. खलनायकाचं एक. रुपेशकुमारांचं सव्वादोन, आणि दुसऱ्या अंकात तीनच्या वर. आईचं काम करणाऱ्या कांताबाईंचं शून्य. कांताबाई एकोणीस वर्षं ती आई करत होत्या.

म्हणजे हा बिघाड माणसं ओळखत होता.

मी एका परदेशी फोरमवर इंग्रजीतून विचारलं. एकानं कळवलं की आवाज दाबून लहान केला की असा दोष येतो खरा, मूळ आवाजाच्या क्षणभर आधीच त्याची चाहूल ऐकू येते, आणि त्याला नावही आहे, प्री-एको. मला फार बरं वाटलं. आजाराला नाव असलं की अर्धा बरा होतो. मी लिहिलं की आमचा प्री-एको हिरोला जास्त आणि आईला अजिबात नाही. मग उत्तर आलं : 'हे अशक्य आहे. कृपया तुमच्या हिरोचं वर्णन पाठवा.'

मी पोस्टरचा फोटो पाठवला. पुन्हा उत्तर आलं नाही.

सोमवारी दुपारी मी शेजारच्या नेट कॅफेतून हेडफोन आणला. तिथल्या मुलानं आधीच बजावलं होतं की उजवा कान मेलाय, डावाच चालतो. फुकट हेडफोनचे दोन्ही कान मागणं बरं दिसत नाही. मी तो चढवला आणि कोर्टाचा प्रसंग लावला.

रुपेशकुमार लांब कुठेतरी, दुसऱ्या गावात बोलत असावेत तसे ऐकू येत होते. आणि अगदी माझ्या कानाला लागून एक माणूस शांतपणे म्हणाला :

"रुपेश, तोंड उघड."

रुपेशकुमारांनी तोंड उघडलं.

मी हेडफोन काढला, मागे कोणी आहे का पाहिलं, आणि पुन्हा चढवला. सगळं नाटक होतं. सगळ्या पात्रांचं, एकाच सपाट आवाजात, प्रत्येकाच्या थोडं आधी.

कॅमेरावाल्याला फोन केला. तो म्हणाला, दोन माइक लावले होते, एक मंडपात समोर, तो उजव्या बाजूचा आवाज. दुसरा डाव्या विंगेत एका खिळ्याला टांगला, तो डाव्या बाजूचा. खिळा कुठे होता? तो म्हणाला, ते म्हातारे वही घेऊन बसतात ना, त्यांच्या डोक्यावर.

टीव्हीला एकच स्पीकर. त्यात दोन्ही बाजू मिसळून गेल्या होत्या.

मी श्रावणजींना बोलावून घेतलं. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं.

"तालमीत तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं ना?"

"गप्पच होतो जी. मालकाले विचार. पयल्या रांगेत होते ते."

"माइकला ऐकू आलं."

मी हेडफोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी डावा कान लावला. मी आजवर बरीच माणसं स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना पाहिलीत, सगळे हसतात. श्रावणजींनी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली.

"कितीसा आहे?"

"सगळा."

"दुसऱ्या अंकातला बी?"

"दुसऱ्या अंकात तर मुख्यतः तुम्हीच आहात."

ते बराच वेळ वहीच्या कडा सारख्या करत बसले.

"श्रावणजी, तुम्ही गप्प राहिला असता तर रुपेशकुमार तिथंच उघडे पडले असते. तुमची जागा पक्की होती. काहून सांगितलं?"

"तो अडकला ना."

"अडकूच द्यायचं होतं. तेच ठरलं होतं."

"ठरलं होतं खरं," श्रावणजी म्हणाले. "पण अडकलेला माणूस तुमी समोरून पायता. समोरून तो नुसता गप्प दिसते. मी बाजूनं पायतो. त्याची मान बारीक थरथरते. ते नाई पायवत बाबू. तोंडातून निंगून गेलं."

"तीन तास?"

"तो तीन तास अडकला."

मी हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली.

"मिटवता येते काय हे?" त्यांनी विचारलं.

येत होतं. प्लेअरमध्ये एक यादी होती : दोन्ही बाजू, डावी, उजवी. उजवी निवडली की श्रावणजी गायब, नाटक स्वच्छ. चार दिवस, चाळीस कोडेक, आणि औषध एका क्लिकचं.

"मिटवलं तर चिचटोला नाटक घेईल," मी म्हटलं. "मग तुम्ही घरी."

"घरी त घरी. एकतीस सालात पयल्या रांगेनं माझा आवाज नाई ऐकला. जाता जाता लोक म्हणतील, श्रावण लांजेवार ऐकू येत होता. ते नको." ते उठले. "उजवी. विसरू नको बाबू."

मंगळवारी अकरा वाजता नाकाडे आले. या वेळी पाच जण होते. मी संगणकाची वायर टीव्हीला जोडून ठेवली होती. मालकांनी नवा शर्ट घातला होता. रुपेशकुमार काळा चष्मा लावून स्वतः हजर होते, गरज पडल्यास सही द्यायला. भिंतीवर पोस्टर.

"साफ झाली काय?" नाकाड्यांनी विचारलं.

"एकदम," मालक म्हणाले. "लाव विपुल."

मी यादी उघडली. आता त्या यादीत 'डावी' आणि 'उजवी' या दोन ओळींमध्ये पाव सेंटिमीटरचं अंतर होतं. टेबल जुनं, एक पाय आखूड. माउसखाली पोस्टरचाच एक गुळगुळीत तुकडा ठेवलेला. माउस घसरला.

पडद्यावर कोर्ट. रुपेशकुमार मध्यभागी, तोंड मिटलेलं. आणि टीव्हीतून, दाणेदार आणि स्पष्ट, श्रावणजी म्हणाले :

"पिंजऱ्यात जा. रुपेश, पिंजरा उजवीकडे. तो पलंग आहे."

पडद्यावरचे रुपेशकुमार पलंगावरून उठले आणि पिंजऱ्यात गेले.

"न्यायाधीश महाराज, हे कुंकूच माझा साक्षीदार आहे," श्रावणजी म्हणाले. सव्वादोन सेकंदांनी रुपेशकुमारांचे ओठ हलले. "आता रड." रुपेशकुमार रडले. "पुरे." थांबले.

"बंद कर," मालक म्हणाले.

"हँग झालंय," मी म्हटलं. चित्र अतिशय सुरळीत चाललं होतं.

सुरुवातीला मंडळाचे लोक हसले. कांताबाई मेल्या आणि आवाज म्हणाला, "कांताबाई, श्वास हळू, पोट हालते," तेव्हा एक जण खुर्चीवरून घसरला. नाकाडे मात्र हसत नव्हते. ते पुढे वाकून बसले होते. मग हळूहळू सगळेच वाकले, कारण आवाज बारीक होता आणि एक शब्दही सोडवत नव्हता.

मग ती जागा आली. मुलगा मेलेल्या आईला ओळखतो, ती. रुपेशकुमार प्रेताजवळ उभे, आणि पूर्ण कोरे.

"आई, मी तुला ओळखलं नाही," आवाज म्हणाला.

काही नाही.

"आई, मी तुला ओळखलं नाही."

रुपेशकुमारांनी विंगेकडे पाहिलं. डोळे पांढरे.

"घाबरू नको," आवाज म्हणाला. "मी हावो इथं. घाई नाई. लोक कुठं जात नाईत. श्वास घे. हं. आई."

"आई," रुपेशकुमारांचे ओठ हलले.

"मी तुला."

"मी तुला."

"ओळखलं नाही. बस. झालं. आता तिच्या पायाशी बस, खाली पाहून, वायर आहे."

इकडे खऱ्या रुपेशकुमारांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता. नाकाडे त्यांच्याकडे वळले.

"एकही वाक्य येत नाई काय जी तुमाले?"

"भावना माझ्या असतात," रुपेशकुमार म्हणाले.

नाकाड्यांनी मान डोलावली. मग मालकांना म्हणाले, "मागच्या साली एका कंपनीचा हिरो आमच्या स्टेजवर असाच मुका झाला. चार मिनिटं. पब्लिकनं मंडप डोक्यावर घेतला, आणि अध्यक्ष म्हणून स्टेजवर मले चढवलं. मी काय बोलू? मी म्हटलं, पाणी बंद होईल, सकाळी भरून ठेवा." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "हा माणूस गाडीत येते काय?"

मालकांनी पोस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"येते," ते म्हणाले.

"मंग तारीख लिवा. आणि हे पोस्टर आमच्या गावात लावू नका. लोक विचारतील, मुका झाला त कोण सांगते."

तेवढ्यात दाराशी काहीतरी पडलं. श्रावणजी होते, हातातली एक वही सुटली होती. किती वेळ उभे होते कोण जाणे. कान लाल झाले होते.

"तुमीच काय जी ते?" नाकाड्यांनी विचारलं.

"नाई," श्रावणजी म्हणाले आणि वही उचलून निघून गेले.

सीझनभर ते त्यांच्या खिडकीजवळच्या सीटवर बसले आणि मी ऑर्गनच्या पेटीवर. फेब्रुवारीपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. माउस घसरला, असं मी त्यांना सतरा गावांत सांगितलं. चिचटोल्यात तर आणखी पंचाईत झाली. बातमी आधीच पोहोचली होती. लोक मधल्या जागा सोडून डाव्या विंगेपाशी दाटीवाटीनं बसले, प्रॉम्टर ऐकायला. श्रावणजींनी आवाज आणखी खाली नेला. लोक आणखी पुढे सरकले. त्यांनी आणखी खाली नेला. पुढच्या गावांतही तेच होत गेलं. डिसेंबरात तो आवाज इतका खाली गेला की रुपेशकुमारांनाही ऐकू येईना, आणि त्या माणसाला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी नाटक पाठ करावं लागलं.

श्रावणजी आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. यंदा त्यांनी मला घरी बोलावलं. कलावंत म्हणून ओळखपत्र मिळतं, त्याचा अर्ज होता. पुरावा जोडायचा होता. रंगमंचावरचा फोटो, वर्तमानपत्रातलं कात्रण, असं काहीही. त्यांच्याकडे काही नव्हतं. चाळीस वर्षांच्या प्रत्येक फोटोत ते पडद्याच्या कापडामागे होते. मी म्हटलं, पुरावा एकच आहे आणि तो माझ्याकडे आहे. त्यांनी अर्जाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग म्हणाले, जोड, पण एक अट घालून जोड. अट मी त्यांच्याच शब्दांत आधी ऐकून घेतली, मग सरकारी भाषेत बसवली. शेवटचा परिच्छेद असा :

'सबब, सोबतची सीडी अर्जदाराच्या कलेचा एकमेव पुरावा म्हणून दाखल करून घ्यावी. तथापि, अर्जदाराचा आवाज कोणासही ऐकू न येणे हीच अर्जदाराची कला असल्याने, सदर सीडी मा. समितीने कोणत्याही प्लेअरवर, कोणत्याही बाजूने न वाजवता, न ऐकताच पूर्ण खात्री करून घ्यावी, व तसे अर्जदारास हळू आवाजात कळवावे, ही नम्र विनंती.'